रक्तातल्या अँटिबॉडी कमी आणि सारखं इन्फेक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी घरांसाठी ही माहिती आहे. औषधांचे आकडे दिलेत ते डॉक्टर काय करताहेत हे कळावं म्हणून. डोस ठरवायचा तो त्यांनीच.

अँटिबॉडी कमी म्हणजे नेमकं काय कमी?

रक्तातल्या बी पेशी तयार झाल्या की त्यांच्या प्लाझ्मा पेशी होतात आणि त्या इम्युनोग्लोब्युलिन नावाची प्रथिनं बनवतात. हीच अँटिबॉडी. रिपोर्टवर चार नावं येतात. आयजीजी सर्वांत जास्त असते आणि जुन्या ओळखीच्या जंतूंना धरते. आयजीए नाक, घसा, आतडी यांच्या ओल्या अस्तरावर पहारा करते. आयजीएम नव्या जंतूला पहिल्यांदा भिडते. आयजीईचा संबंध मुख्यतः ॲलर्जीशी आणि जंतांशी.

आयजीजी कमी पडली की जाड आवरणाचे बॅक्टेरिया, म्हणजे न्यूमोकोकस आणि हिमोफिलस, मोकाट सुटतात. त्यांची आवडती ठिकाणं ठरलेली: कान, सायनस, फुप्फुस. म्हणून अशा माणसाचा कान वाहतो, नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड महिनोन्‌महिने येतो, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. बहुतेक व्हायरसना दुसऱ्या, टी पेशी आवरतात. अपवाद पोलिओच्या कुळातल्या एन्टेरोव्हायरसचा. तो मुद्दा लसींच्या प्रश्नात येईल.

‘सारखं आजारी’ म्हणजे किती वेळा?

अंगणवाडीत किंवा बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे. पावसाळ्यात तर एक संपेपर्यंत दुसरी. मूल मधल्या काळात खेळतंय, वजन वाढतंय, तर घाबरू नका.

शंका कधी घ्यायची? वर्षात चार किंवा जास्त वेळा कान फुटणं, दोन मोठे सायनस इन्फेक्शन, दोन न्यूमोनिया, दोन महिने अँटिबायोटिक घेऊनही फरक न पडणं, दर वेळी सलाइनमधूनच अँटिबायोटिक लागणं, वजन-उंची खुंटणं, मेंदूज्वर किंवा रक्तात जंतू पसरण्यासारखी इन्फेक्शन दोनदा होणं. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी तपासणी मागा. आणि घरातला इतिहास नीट विचारा: आईचे भाऊ, मावशीचे मुलगे असे कोणी लहानपणी न्यूमोनियाने गेले का? हा प्रश्न आजीला विचारावा, आईला बहुधा माहीत नसतं.

अडचण अशी की दर वेळी डॉक्टर वेगळे असतात. एकदा गावातले, एकदा तालुक्याचे, एकदा मिरज नाहीतर कोल्हापूर. प्रत्येक जण समोरचा ताप बरा करतो, बेरीज कोणीच करत नाही. म्हणून दोनशे पानी वही घाला. तारीख, ताप किती, एक्स-रेत काय दिसलं, कोणतं औषध, किती दिवस, किती दिवसांत उतार. एवढं लिहिलं की निदानाचं अर्धं काम झालं.

गावचे डॉक्टर म्हणतात टीबीच असणार. खरं कसं कळेल?

आपल्याकडे लांबलेला खोकला म्हटलं की आधी टीबी आठवतो, आणि ते चूक नाही. पण थुंकीत जंतू सापडल्याशिवाय फक्त एक्स-रेवर सहा महिन्यांचा कोर्स, आणि वर्षभराने पुन्हा तोच, असं झालं असेल तर थांबून विचार करायला हवा. थुंकीची सीबीनॅट तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. ती निगेटिव्ह, कल्चरमध्ये न्यूमोकोकस किंवा हिमोफिलस, आणि सीटी स्कॅनमध्ये श्वासनळ्या कायमच्या फुगलेल्या, असं चित्र असेल तर इम्युनोग्लोब्युलिन तपासल्याशिवाय फाइल बंद करू नये. नळ्या अशा फुगण्याला ब्राँकिएक्टेसिस म्हणतात आणि झालेली हानी मागे फिरत नाही. उशिराची खरी किंमत हीच आहे.

त्याआधी साखर आणि एचआयव्ही तपासलेली असावीच. वारंवार इन्फेक्शनची ही दोन कारणं कितीतरी जास्त आढळतात.

कोणती रक्ततपासणी करायची?

सीरम इम्युनोग्लोब्युलिन: आयजीजी, आयजीए, आयजीएम. उपाशीपोटी जायची गरज नाही. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा, त्यातला लिम्फोसाइटचा, म्हणजे बी आणि टी पेशी ज्यात येतात त्या पांढऱ्या पेशींचा आकडा बघा.

एक स्वस्त खूण बहुतेकांच्या घरात आधीच पडून असते. लिव्हरच्या रिपोर्टमध्ये टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन असतं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की ग्लोब्युलिन. ते २ ग्रॅमच्या खाली असेल तर इम्युनोग्लोब्युलिन करून घ्या. उदाहरणार्थ, प्रोटीन ५.८ आणि अल्ब्युमिन ४.२ असेल तर ग्लोब्युलिन १.६ उरतं. कित्येकदा लॅब त्याखाली काही खूणही करत नाही.

मोठ्या माणसात आयजीजी साधारण ७०० ते १६०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, आयजीए ७० ते ४००, आयजीएम ४० ते २३०. लॅबनुसार थोडा फरक. काही लॅब ग्रॅम प्रति लिटरमध्ये छापतात, तिथे ७ म्हणजे ७००. हा दशांशाचा घोळ बघूनच मग घाबरायचं की नाही ते ठरवा.

मुलांच्या बाबतीत दुसरा घोळ. लॅब अनेकदा मोठ्यांचीच मर्यादा छापते आणि बाळाचा रिपोर्ट लाल होतो. बाळ आईची आयजीजी घेऊन जन्मतं, ती उतरत जाते आणि स्वतःची अजून पुरेशी बनत नसते. त्यामुळे तीन ते सहा महिन्यांच्या निरोगी बाळात आयजीजी ३००-४०० असणं स्वाभाविक आहे. वयाप्रमाणे तक्ता बघणाऱ्या बालरोगतज्ज्ञांनाच तो रिपोर्ट दाखवा.

विडाल, डेंग्यू, एचआयव्ही हे रिपोर्ट अशा माणसात खरे धरायचे का?

सावधपणे. टायफॉइडची विडाल, डेंग्यू आयजीएम, एचआयव्हीची साधी चाचणी यांतल्या बहुतेक तपासण्या शरीराने बनवलेली अँटिबॉडी शोधतात. ती बनतच नसेल तर आजार असूनही ‘निगेटिव्ह’ येतं. अशा वेळी जंतूच शोधणारी तपासणी लागते: ब्लड कल्चर, एनएस-१, पीसीआर.

उलटंही होतं. उपचार म्हणून इम्युनोग्लोब्युलिनचं सलाइन सुरू झालं की हजारो दात्यांच्या अँटिबॉडी अंगात येतात आणि कधीच न झालेल्या कावीळ-बीच्या अँटिबॉडीची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून पहिल्या डोसच्या आधीच सगळं रक्त काढून घ्यावं. ते राहून गेलं तर पुढचे कित्येक महिने रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही.

आयजीजी कमी आली. जन्मतःच दोष आहे का?

आधी बाकी कारणं बघायची, कारण मोठ्या वयात तीच जास्त सापडतात.

लघवीला फेस आणि सकाळी डोळ्यांभोवती सूज असेल तर मूत्रपिंडातून प्रोटीन गळत असेल. लघवीची साधी तपासणी सांगते. सलाइनमधून दिलेली आयजीजीही तशीच वाहून जाते, त्यामुळे तिथे आधी मूत्रपिंड सावरावं लागतं. जुनाट जुलाबात आतड्यातून प्रोटीन जातं. पन्नाशीनंतर मायलोमा आणि सीएलएल हे रक्ताचे कर्करोग वगळायला हवेत. सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि सीबीसीपासून सुरुवात होते. औषधांत रिटुक्सिमॅब सर्वांत आधी विचारा, कारण ते बी पेशीच संपवतं आणि परिणाम सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतो. स्टेरॉइडचे दीर्घ कोर्स आणि फिटच्या गोळ्यांतल्या फेनिटोइन, कार्बामाझेपिन यांनीही आकडा उतरतो. फिटची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, इन्फेक्शनपेक्षा फिट लवकर जीव घेते.

यांतलं काही नसेल तर जन्मजात प्रकार. मुलग्यांत सहा-नऊ महिन्यांनंतर, आईची आयजीजी संपली की सुरू होणारा एक्सएलए. १९५२मध्ये ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकी डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. बीटीके हा दोषी जनुक १९९३मध्ये सापडला. याची एक खूण टॉर्चने दिसते: मुलाला ‘आ’ करायला लावा, टॉन्सिल जवळजवळ नसतातच. सारखा घसा-कान धरणाऱ्या मुलाचे टॉन्सिल मोठे असायला हवेत, ते जागेवरच नसतील तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा. फ्लो सायटोमेट्री या पेशी मोजणाऱ्या तपासणीत सीडी-१९, म्हणजे बी पेशी जवळपास शून्य निघतात.

दुसरा प्रकार सीव्हीआयडी, तो बहुधा तरुणपणी किंवा त्यानंतर उघड होतो. आयजीजीबरोबर आयजीए किंवा आयजीएमही कमी आणि लसीला प्रतिसाद नाही. यात प्लेटलेट कमी होणं, पंडुरोग, प्लीहा वाढणं असेही प्रकार जोडीला येतात.

फक्त आयजीए कमी आणि बाकी सगळं ठीक असेल तर बऱ्याच जणांना आयुष्यभर काही होत नाही. त्यासाठी सलाइन लागत नाही.

लसीचा प्रतिसाद कसा तपासतात?

आयजीजी ५५०, इन्फेक्शन मध्यम, अशा काठावरच्या माणसासाठी ही तपासणी. लस देण्याआधी रक्त, मग न्यूमोकोकसची पॉलिसॅकराइड लस किंवा धनुर्वात, आणि चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त. दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये तपासायचे. आकडा चढला तर शरीराला अँटिबॉडी बनवता येतात. आयुष्यभराच्या सलाइनची घाई नको.

उपचार कसा असतो? डोस किती?

नसेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे आयव्हीआयजी. दर तीन ते चार आठवड्यांनी किलोमागे ०.४ ते ०.६ ग्रॅम. ५० किलोच्या माणसाला ०.४ने २० ग्रॅम. पाच टक्के द्रावणात ५ ग्रॅम म्हणजे १०० मि.ली., तेव्हा २० ग्रॅमला ४०० मि.ली.; दहा टक्के असेल तर २०० मि.ली. बाटलीवरचा टक्का वाचा, कारण गती त्यावर ठरते.

पाच टक्क्याचं द्रावण साधारण किलोमागे तासाला अर्ध्या मि.ली.ने सुरू करतात, म्हणजे ५० किलोला तासाला २५ मि.ली. अर्धा तास काही झालं नाही तर गती टप्प्याटप्प्याने वाढवतात. पहिल्या वेळी पाच-सहा तास धरून चला. डबा न्या. संध्याकाळच्या एसटीला जागा मिळावी म्हणून नर्सताईंना ‘जरा जोरात सोडा’ म्हणणं, बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण तेच आहे. हुडहुडी, कंबरदुखी, छातीत आवळल्यासारखं झालं तर आधी थेंब थांबवायचे. बहुतेकदा गती कमी केली की निभावतं.

इतर गोष्टी ज्या चुकतात:

बाटली फ्रिजमधून काढून तशीच लावणं. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पण गरम पाण्यात ठेवू नका. हलवू नका, फेस आला की प्रोटीन बिघडतं. गढूळ दिसली तर वापरू नका.

अंगात ताप असताना डोस घेणं. इन्फेक्शन चालू असताना प्रतिक्रिया जास्त येतात. आधी अँटिबायोटिक, मग डोस.

कोरड्या पोटी, पाणी न पिता येणं. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्या. दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी आणि मूत्रपिंडावरचा ताण दोन्ही कमी होतात. वयस्कर, मधुमेही किंवा आधी रक्ताची गुठळी झालेल्यांनी हे आधीच सांगावं. डोकेदुखीबरोबर मान ताठ आणि उलट्या असतील तर दवाखाना गाठा.

माल्टोज असलेल्या ब्रँडनंतर काही ग्लुकोमीटर साखर खोटीच जास्त दाखवतात. त्यावर विसंबून इन्सुलिन घेतलं तर साखर धोकादायक घसरते. मधुमेही असाल तर हा प्रश्न फार्मासिस्टला विचाराच.

पहिला डोस अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच. पुढचे जवळच्या दवाखान्यात देता येतात का, ते पहिल्या दोन-तीन वेळांवरून ठरतं.

बाटल्या बेळगावात घेऊन खानापूरला न्यायच्या असतील तर?

बहुतेक ब्रँड २ ते ८ अंशांत ठेवावे लागतात. थर्माकोलचा डबा, बर्फाचे पॅक, आणि पॅक व बाटली यांच्यामध्ये जाड पुठ्ठा किंवा टॉवेल. बर्फ थेट बाटलीला लागला आणि द्रावण गोठलं तर ते फेकायचं. घरच्या फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नाही, फ्रीझरखाली तर मुळीच नाही. वीज सारखी जात असेल तर बाटली दवाखान्याच्या फ्रिजमध्येच ठेवलेली बरी. दर वेळी बाटलीवरचा ब्रँड आणि बॅच नंबरचा कागद वहीत चिकटवा. ब्रँड बदलला की पहिल्यासारखीच हळू सुरुवात.

त्वचेखालून घ्यायचा प्रकार असतो ना?

असतो. महिन्याचा डोस आठवड्यांत विभागून, छोट्या पंपाने पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली. नस शोधावी लागत नाही, डोकेदुखी कमी. पण उपलब्धता आणि दर शहरागणिक बदलतात. तुमच्या तज्ज्ञांनाच विचारा.

एक डोस चुकला तर चालेल? उपचार कधी संपतात?

आयजीजीचं अर्धं आयुष्य सुमारे तीन आठवडे, म्हणजे तेवढ्यात ती निम्मी उरते. चार आठवड्यांचा डोस आठ आठवड्यांवर ढकलला तर शेवटचे कित्येक दिवस माणूस जवळजवळ उघडा असतो. उसाच्या हंगामात किंवा गावच्या जत्रेपायी डोस पुढे ढकलणं म्हणजे न्यूमोनियाला आमंत्रण.

पुढच्या डोसच्या लगेच आधी काढलेल्या आयजीजीला ट्रफ म्हणतात. तो निदान ५००च्या वर हवा. फुप्फुस आधीच खराब असेल तर बरेच तज्ज्ञ ७००-८०० किंवा त्याहून जास्त धरतात. मुलाचं वजन वाढलं की डोसही वाढवायचा. वर्षभर जुनाच डोस चालू राहणं नेहमीचं आहे.

एक्सएलए आणि सीव्हीआयडीत उपचार बहुधा आयुष्यभर. बाळांतला तात्पुरता प्रकार चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप भरून येतो. औषधामुळे झालेला प्रकार कधी भरून येतो, कधी नाही.

ताप आला तर घरी काय करायचं?

१००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, थुंकीचा रंग बदलणं, दम: त्याच दिवशी डॉक्टर. अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी थुंकीचं कल्चर द्यायचा प्रयत्न करा. कोर्स नेहमीच्या पाचऐवजी दहा ते चौदा दिवस लागू शकतो. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या नकोत. मेडिकलवाल्याचा ‘दोन दिवस घेऊन बघा’ हा सल्लाही नको.

लसींचं काय? आशाताई घरी येतात.

पोलिओचे थेंब जिवंत विषाणूचे असतात. एक्सएलएच्या मुलाला ते देऊ नयेत, आणि घरातल्या भावंडांनाही नाही, कारण विषाणू विष्ठेतून पसरतो. त्याऐवजी इंजेक्शनची आयपीव्ही. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर आणि नंतर घरी येणाऱ्या टीमला दाखवायला डॉक्टरांचं कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहिलेलं पत्र दाराजवळ ठेवा. तोंडी समजावताना गैरसमज होतात आणि टीमवरही उद्दिष्टाचा ताण असतो.

गंभीर प्रतिकारदोषाची शंका असलेल्या, विशेषतः आधीचं भावंड गेलेल्या बाळाला बीसीजी आणि रोटाव्हायरस निदान होईपर्यंत थांबवतात. आयव्हीआयजी चालू असताना गोवर-रुबेलाची लस कामच करत नाही, किलोमागे ०.४ ग्रॅमच्या डोसनंतर निदान आठ महिने थांबावं लागतं. नियमित डोस चालू असेल तर दात्यांची अँटिबॉडीच गोवरापासून राखते. फ्लूचं इंजेक्शन घरातल्या सगळ्यांनी एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी घ्यावं.

कुत्रा चावला तर ‘नुसता ओरखडा आहे’ म्हणून सोडू नका. जखम साबणाने १५ मिनिटं धुवा. प्रतिकार कमी असलेल्या माणसाला ओरखड्यालाही लसीबरोबर रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन लागतं. महिन्याचं आयव्हीआयजी त्याची जागा घेत नाही.

पथ्य काय? गुळवेलीचा काढा घ्यावा का?

पथ्य फारसं नाही. पाणी खळखळून उकळी आल्यावर निदान मिनिटभर उकळलेलं. पावसाळ्यात विहीर-ओढ्याचं पाणी गढूळ होतं आणि जिआर्डिया नावाचा जंतू अशा लोकांच्या आतड्यात ठाण मांडतो. दोन आठवड्यांवर जुलाब गेले तर शौचाची तपासणी. धारोष्ण दूध नको. ताक, दही, भाकरी, कुंदा, सगळं चालतं.

‘इम्युनिटी वाढवणारं’ म्हणून जे विकलं जातं त्याने आयजीजी वाढत नाही. गुळवेलीनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी भारतात आहेत, आणि सीव्हीआयडीत शरीर स्वतःवरच उलटण्याचा कल असतो. म्हणून नकोच.

धूर मात्र खरा शत्रू. विडी, चूल, जळतं पाचट आणि निपाणी भागात तंबाखूची धूळ. वखारीत काम असेल तर ते बदलण्याचा विचार करा. कफ साठत असेल तर फिजिओथेरपिस्टकडून तो काढण्याची पद्धत शिका आणि रोज करा. वर्षातून एकदा स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणारी तपासणी.

लग्न, मुलं?

एक्सएलएमध्ये दोष आईकडून येतो. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला तो असण्याची शक्यता निम्मी. यात मामाशी किंवा नात्यात लग्न झालं की नाही याचा संबंध नाही. काही इतर प्रकार मात्र आई-वडील दोघांकडून येतात आणि तिथे मामा-भाची किंवा आते-मामे लग्नाने शक्यता वाढते. पुढच्या मुलाआधी जनुकीय तपासणी करून घ्या. बाईला सीव्हीआयडी असेल तर गरोदरपणात आयव्हीआयजी चालूच ठेवतात आणि वजनाप्रमाणे वाढवतात.

जायचं कुठे, आणि खर्चाचं?

सुरुवात बेळगावात: बिम्सचं जिल्हा रुग्णालय किंवा केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय, मुलांसाठी बालरोग आणि मोठ्यांसाठी मेडिसिन विभाग. खोलातल्या तपासणीसाठी मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. फ्लो सायटोमेट्रीचं रक्त पाठवायचं तर ते बर्फावर नको, खोलीच्या तापमानाला आणि शक्यतो २४ तासांत पोचायला हवं. रेल्वेचा उशीर धरून रुग्णालाच नेणं सोपं पडतं.

केंद्राच्या २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणात एक्सएलएसारख्या आजारांतल्या आयव्हीआयजीचा उल्लेख आहे, आणि ५० लाखांपर्यंतची मदत निवडक उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. अर्ज त्या केंद्रातूनच होतो, तालुक्यातून नाही. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक कार्ड आधी काढून ठेवा. महाराष्ट्राने २०२३मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जाहीर केली. कोल्हापूर-मिरजेकडे जाणार असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाला) गाठा आणि आपला आजार आणि हे औषध पॅकेजमध्ये बसतं का, हे दाखल होण्याआधी विचारा. दाखल झाल्यावर कागद फिरवणं अवघड जातं. आधार, रेशन कार्ड आणि रिपोर्ट यांवरचं नाव एकसारखं असू द्या. कन्नडमध्ये ‘पाटील’ आणि इंग्रजीत वेगळं स्पेलिंग, एवढ्यावरून फाइल परत येते.